पाटीवरून एक वजा

वास्फी मास्तरांनी तुर्नालिकच्या नगरपालिकेत दिलेला अर्ज अडीच ओळींचा होता. "गावाच्या वेशीवरील पाटीवर लोकसंख्या २६४० अशी लिहिलेली आहे. ती २६३९ करावी, ही विनंती." खाली सही, सहीखाली 'निवृत्त गणितशिक्षक' आणि तारीख. एवढंच. यापेक्षा निरुपद्रवी काही लिहायचं म्हटलं तर माणसाला वाण्याची यादीच लिहावी लागेल.

पण कारकून सेलामीने तो अर्ज तीनदा वाचला. मग उलटा करून मागची कोरी बाजू वाचली. मग खिडकीशी धरून उजेडात पाहिला. सेलामी मास्तरांचाच विद्यार्थी, चौथीत भागाकारात दोनदा गचकलेला. मास्तरांच्या हातून आलेल्या कुठल्याही कागदात एखादं फसवं उदाहरण दडलेलं असणार, अशी त्याची तेव्हापासूनची खात्री होती.

"फक्त एक?" त्याने विचारलं.

"फक्त एक."

"म्हणजे चाराचे तीन करायचे आणि शून्याचे नऊ. माणूस एक कमी आणि आकडे दोन बदलायचे. मास्तर, यात काहीतरी गोम आहे."

"गोम नाही, हातचा आहे. तुला तेव्हाही कळला नव्हता."

"बरं, पण कमी कोण झालं?"

मास्तरांनी अर्ज पुन्हा त्याच्यापुढे सरकवला.

कमी कोण झालं ते खरं तर सेलामीलाही ठाऊक होतं. मास्तरांच्या पत्नी नेबाहत हानिमना जाऊन त्या दिवशी बावन्न दिवस झाले होते, आणि त्यांच्या नावाने केलेल्या रव्याच्या हलव्याच्या दोन बशा सेलामीने आदल्याच संध्याकाळी संपवल्या होत्या. पण एखाद्याची बायको जाणं आणि वेशीवरच्या पाटीचा आकडा या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध असेल, हे त्याच्या डोक्यात येणं शक्य नव्हतं. आणि मास्तर ते सांगणार नव्हते. उत्तर चूक असेल तर खोडायचं, वहीत रडकथा लिहायची नाही, हे त्यांनी चाळीस वर्षं पोरांना शिकवलं होतं.

निवृत्तीनंतर अकरा वर्षं नवरा-बायको रोज सकाळी वेशीपर्यंत चालत जात. पाटीपाशी आलं की नेबाहत हानिम तिच्या लोखंडी खांबावर बोटांच्या पेरांनी दोनदा टकटक करत, "पोहोचलो" म्हणत, आणि दोघं मागे फिरत. त्या गेल्यावर मास्तर प्रथमच एकटे तिथवर गेले. आता टकटक कोणी करायची ते न कळून त्यांनी मान वर केली. तुर्नालिक. लोकसंख्या २६४०. उंची ११२० मीटर.

हा आकडा सात वर्षांपूर्वीच्या शिरगणतीतला. तेव्हाची पद्धत अशी, की एका रविवारी सगळ्या देशाने घरात बसून राहायचं आणि मोजणाऱ्याने दारोदार जाऊन घरात जो सापडेल तो मोजायचा. हा नियम ऐकताच तुर्नालिकने आदल्या दिवशी दोन बसगाड्या भरून पाहुणे आणले, एक लग्न ओढून त्या तारखेला घेतलं, आणि वऱ्हाडाबरोबर ढोलवाले, सनईवाले आणि पलीकडच्या जिल्ह्यातल्या पैलवानांचा एक अख्खा संघ दारं लावून आत बसवला. मोजायला वास्फी मास्तरच होते. नियम म्हणजे नियम. न्हाव्याच्या दोन खोल्यांत चौदा पैलवान होते अशी नोंद त्यांनी दातओठ खात केली होती. सगळ्यांत शेवटी ते स्वतःच्या घरी आले, तेव्हा नेबाहत हानिम म्हणाल्या होत्या, "मला पहिली लिहा. तुम्ही काय, दुसऱ्या ओळीतही मावाल."

तेव्हा २६४० मधली खरी किती, हे देवाला आणि मास्तरांना ठाऊक. पण एक तर पक्की खरी होती. आता ती नव्हती, आणि पाटी ते कबूल करायला तयार नव्हती. मास्तरांचं म्हणणं एवढंच होतं, की तिने कबूल करावं.

नगराध्यक्ष तेव्फिक बेय यांचा स्वभाव असा, की कोंबडा आरवला तरी "याला कोणी सांगितलं?" असं ते विचारत. त्यांनी अर्ज वाचला आणि सेलामीला म्हणाले, "याच्यामागे कोण आहे?"

त्यांच्या संशयाला कारणही होतं. अंकाराहून कुणकुण आली होती, की आता नवी नोंदणी होणार, आणि जिथे दोन हजारांच्या आत माणसं भरतील त्या नगराची नगरपालिका काढून त्याचं खेडं करणार. दोन हजार म्हणजे नगर, एक हजार नऊशे नव्याण्णव म्हणजे खेडं. घरं तीच, शेळ्या त्याच, पोस्टापुढचा खड्डाही तोच. पण नगराला अध्यक्ष असतो, अध्यक्षाला काळी गाडी असते आणि ती गाडी चालवायला सेलामीचा मेहुणा असतो. खेड्याच्या पाटीवर तर आकडासुद्धा लिहीत नाहीत, नुसतं नाव असतं. शिवाय सहा किलोमीटरवर बेल्कावाक होतं. तुर्नालिकने २६४० रंगवल्यावर आठ दिवसांत बेल्कावाकच्या पाटीवर २८११ झळकले होते, आणि तेव्हापासून तुर्नालिकच्या माणसांना बेल्कावाकमध्ये मुलगी बघायला जाताना मान खाली घालावी लागे.

संध्याकाळी रिफ्कीच्या चहाच्या दुकानात अर्जाची चिरफाड झाली. एका टेबलाचं म्हणणं पडलं, की मास्तरांना बेल्कावाकने फोडलं. आज एक कमी करायला लावतील, उद्या दहा. दुसऱ्या टेबलाला वाटलं, मास्तर पुढच्या निवडणुकीला उभे राहणार. रिफ्की स्वतः कप विसळत म्हणाला, "अरे, बायको गेली आहे त्यांची. माणूस जरा सैरभैर झालाय." हे खऱ्याच्या सगळ्यांत जवळ होतं, त्यामुळे ते कुणालाच पटलं नाही.

दुसऱ्या दिवशी तेव्फिक बेयनी मास्तरांना बोलावलं, चहा मागवला, आणि चहात साखर ढवळली जाईपर्यंत त्यांच्याकडे डोळे बारीक करून पाहत राहिले.

"मास्तर, सात वर्षांत आपल्या कब्रस्तानात किती गेले असतील?"

"ऐंशी तरी."

"आणि जन्मले?"

"साठेक."

"आणि शहरात निघून गेले ते वेगळे. मग तुम्हाला नेमका एकच कसा दिसला?"

मास्तरांच्या हातातला चमचा थांबला. चाळीस वर्षं गणित शिकवलेल्या माणसाला आपल्या अडीच ओळींत एवढं मोठं भोक दिसू नये, आणि ते दाखवावं कुणी, तर ज्याच्याकडून सहावीत व्याजाचं उदाहरण पाठ करून घेतलं होतं त्या तेव्फिकने! त्यांचे कान तापले. ते ताडकन म्हणाले, "मग सगळेच मोजा!"

"तेच म्हणतो मी," तेव्फिक बेय म्हणाले. ते मनात म्हणत होते, की संशयित माणूस नजरेसमोर असलेला बरा. "नवी नोंदणी आलीच आहे. प्रत्येक दाराला नंबर, प्रत्येक घराची एक चिठ्ठी, चिठ्ठीवर प्रत्येकाचं नाव आणि अकरा आकडी ओळख क्रमांक. तुम्हीच करा. सेलामी देतो मदतीला."

अशा रीतीने शून्याचे नऊ करायला गेलेले मास्तर सहाशे बारा पत्र्याचे नंबर, एक हातोडी, दोन डबे खिळे आणि सेलामी एवढं घेऊन बाहेर पडले. सेलामीच्या खिशात एक छोटी वही होती. मास्तर घरात शिरले की तो तिच्यात काहीतरी टिपून ठेवी. मास्तरांनी ती वही पाहिली, आणि त्याच दिवशी स्वतःसाठीही एक वही घेतली. घरमालक चिठ्ठीत वाटेल ते लिहो, आपल्याला जे खरं वाटेल ते आपल्या वहीत लिहायचं, आणि चिठ्ठी खोटी निघाली तर ती दुरुस्त होईपर्यंत त्या दारात जाऊन उभं राहायचं. वहीच्या पहिल्या पानावर पहिली नोंद स्वतःच्याच घराची होती: शाळा गल्ली, घर क्रमांक १७, माणसं १. घरची चिठ्ठीही त्यांनी त्याच दुपारी स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून भरली आणि गठ्ठ्यात सगळ्यांत खाली ठेवली. त्या घराबद्दल संशय घेण्याचं काही कारण नव्हतं.

बाकी सहाशे अकरा घरांबद्दल मात्र होतं.

शेजारच्या हाजेर हानिमपासून सुरुवात झाली. त्यांच्याकडे एक दार पुढचं, एक मागचं आणि एक कोंबड्यांच्या खुराड्याचं. त्यांना तीन नंबर हवे होते.

"हाजेर वहिनी, खुराड्यात कोण राहतं?"

"आज कोंबड्या राहतात. उद्या माझा धाकटा परत आला तर तो कुठे राहील? तुम्ही नंबर ठोका. नंबर काय खायला मागतो?"

"चिठ्ठीत तुम्ही सात जणं लिहिली आहेत. तिघं मुलगे जर्मनीत आहेत तुमचे."

"जर्मनीत कामाला आहेत. राहतात इथेच. या दाराशी बघा!" दाराशी खरंच तीन जोड पुरुषी सपाता ओळीने लावलेल्या होत्या. "सपाता ज्याच्या घरात, माणूस त्या घरचा. तुमच्या पुस्तकात काहीही असो."

हा युक्तिवाद इतका भक्कम होता, की मास्तर क्षणभर सेलामीकडे बघत राहिले. सपाता सगळ्याच घरांत होत्या. इस्तंबूलला गेलेल्यांच्या, सैन्यात गेलेल्यांच्या, एका घरात तर पंधरा वर्षांपूर्वी रुसून निघून गेलेल्या एका जावयाच्यासुद्धा. सपातांवरून मोजलं असतं तर तुर्नालिकने जिल्ह्याच्या गावालाही मागे टाकलं असतं.

मास्तरांना दुसरी कसोटी हवी होती, आणि ती त्यांना शाईने दिली. चिठ्ठ्या लिहून हात बरबटले म्हणून त्यांनी एका घरात हात धुवायला पाणी मागितलं, आणि मोरीत पेल्यात उभे केलेले दातांचे ब्रश त्यांच्या नजरेस पडले. सहा ब्रश होते, त्यातले दोनच ओले. मास्तरांनी बाहेर येऊन विचारलं, "चार जणं कुठे आहेत?" यजमान पांढरा पडला.

तेव्हापासून मास्तर प्रत्येक घरात हात धुवू लागले. दिवसाला वीस-वीस वेळा धुवून हात सालपटले, पण ते हटले नाहीत. चिठ्ठ्यांतून नावं गळू लागली. हाजेर हानिमचे तिघे मुलगे एका सकाळीत जर्मनीला परत गेले. गावाने डोकं खाजवलं. मास्तरांना कळतं कसं? सेलामीने वहीत लिहिलं, 'हात धुतात आणि मग सगळं ओळखतात', आणि अध्यक्षांना ते वाचून दाखवलं. अध्यक्ष म्हणाले, "हात बघून की पाणी बघून?"

रविवारी निहानचा फोन आला. निहान ही मास्तरांची एकुलती एक मुलगी, इझमिरला नोकरीला.

"बाबा, जेवलात का?"

"जेवलो."

"काय चाललंय?"

"गाव मोजतोय."

"का?"

"चूक आहे म्हणून."

मग ती म्हणाली, "तेव्फिक काका म्हणत होते, माझं नाव तिकडे लावायचं का. मी लावू का, बाबा?"

"तू इझमिरला राहतेस, इझमिरलाच मोजली जाशील. नाहीतर त्यांचा एक कमी होईल."

"इझमिरला कळणारसुद्धा नाही."

"मोठ्या शहरांचं तेच वाईट असतं," मास्तर म्हणाले आणि फोन ठेवून दिला. मग त्यांना वाटलं, मुलगी काहीतरी वेगळं विचारत होती. पण तोवर फोन ठेवून झाला होता.

पुढच्या आठवड्यापासून मात्र एक चमत्कार झाला. तुर्नालिकमधली माणसं खरी निघू लागली. ज्या घरात जावं तिथे चिठ्ठीत नावं जेवढी, तेवढेच ब्रश, आणि सगळे ओले. मास्तरांना गावाबद्दल प्रथमच थोडा आदर वाटला. आपल्या दराऱ्याने लोक सुधारले, असं त्यांनी वहीच्या समासात लिहूनही ठेवलं. वाण्याकडचे ब्रश संपून त्याने शहरातून आणखी एक खोकं मागवलं आहे, हे त्यांना कळलं नाही. हाजेर हानिम रोज सकाळी नमाज आटोपून, घरात असलेल्या नसलेल्या सगळ्यांचे ब्रश ओले करून ठेवतात आणि तोच सल्ला भिंतीवरून पलीकडच्या घराला, आणि पलीकडचं घर त्याच्या पलीकडच्याला देतं, हेही त्यांना कळलं नाही. संशयी माणसाचं असंच होतं. त्याच्या संशयाची वेळ एकदा ठरून गेली, की उरलेल्या वेळात त्याला कुणीही फसवावं.

नोव्हेंबरात मोजणी संपली. मास्तरांनी वहीतली बेरीज तीनदा केली: १९९९. सेलामीने चिठ्ठ्यांची बेरीज केली: २०००.

तेव्फिक बेयनी दोन हजार हा आकडा ऐकला आणि खुर्चीतून उठून खिडकी उघडली. "बास! पुरे! काठावर, पण पास!"

"एक जास्त आहे," मास्तर म्हणाले.

"कुठे?"

"तेच शोधायचं आहे. माझी वही चुकत नाही. कुठल्या तरी चिठ्ठीत एक माणूस खोटा आहे."

"मास्तर, पाया पडतो तुमच्या. त्या एकाने तुमचं काय घोडं मारलंय?"

पण मास्तरांचा आता मानाचा प्रश्न झाला होता. आपल्या नाकासमोरून एक लबाड चिठ्ठीत शिरला, हे त्यांना सहन होईना. पहिला संशय सेलामीवर. त्याची बेरीज त्यांनी पुन्हा करून पाहिली. ती बरोबर निघाली, आणि तो धक्का मोठा होता. दुसरा संशय हाजेर हानिमवर. "खुराडंसुद्धा बघा," त्या म्हणाल्या, "पण आता कोंबड्यांनाच हात धुवायला पाणी मागा!" तिसरा संशय खुद्द अध्यक्षांवर. शेवटी मास्तर काद्रीच्या भट्टीवर गेले. कुठलं घर रोज किती पाव नेतं, त्यावरून माणसं काढता येतील, असा विचार होता.

काद्री लांब फळीवरून पाव उतरवत होता. त्याने ऐकून घेतलं, आणि मास्तरांचे रोजचे दोन पाव त्यांच्या पिशवीत टाकत म्हणाला, "मास्तर, पावावरून मोजायचं असेल तर मला विचारू नका."

"का?"

"नका विचारू, एवढंच."

हा उद्धटपणा आहे असं मास्तरांनी ठरवलं आणि ते घरी आले. फडताळात कालचा एक पाव आणि परवाचा एक पाव वाळून कडक झाले होते. आजचा तिसरा होणार होता. त्यांनी फडताळ लावून घेतलं.

तिसऱ्या दिवशी त्यांनी नगरपालिकेत बसून सहाशे बारा चिठ्ठ्या वहीशी एकेक करून ताडायला घेतल्या. मास्तरांनी वहीतून घर वाचायचं, सेलामीने चिठ्ठी काढायची, असं चाललं. मास्तर वहीच्या शेवटापासून निघाले, कारण शेवटची घरं लबाड आहेत असा त्यांचा वहीम होता. दुपार कलली. तेव्फिक बेय मधूनमधून डोकावून "सापडला का चोर?" असं विचारून जात.

"शाळा गल्ली, सतरा," मास्तर शेवटी म्हणाले. "हे माझंच. एक. सोड."

सेलामीने चिठ्ठी तोवर काढली होती. त्याने ती पाहिली. मग ती न बोलता दारात उभ्या असलेल्या अध्यक्षांच्या हातात दिली.

मास्तरांना अपमान करून घ्यायची सवय होती. तेव्फिक बेय टोमणा मारायची संधी सोडत नाहीत, हेही ठाऊक होतं. पण अध्यक्षांनी चिठ्ठी वाचली, घडी घातली, आणि म्हणाले, "राहू दे. सापडत नाहीये. दोन हजार छान आकडा आहे."

टोमणा नाही म्हटल्यावर मास्तरांना खरा संशय आला. त्यांनी हात पुढे केला.

चिठ्ठीवर त्यांचंच अक्षर होतं, वळणदार, फळ्यावरच्यासारखं. पहिल्या ओळीत नेबाहत. तिचा अकरा आकडी क्रमांक, एकही आकडा न चुकता. दुसऱ्या ओळीत वास्फी. खाली: एकूण माणसं २.

मास्तरांनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा घातला. आकडा तोच राहिला. त्या दुपारी त्यांनी चहा ठेवला होता, टेबलावर कागद पसरला होता, आणि पहिली ओळ लिहून झाली होती. ती कोणी लिहिली, कधी लिहिली, हे त्यांना आठवेना. सगळ्या गावाच्या मोऱ्या धुंडाळल्या त्यांनी. स्वतःच्या मोरीतल्या पेल्यात दोन ब्रश होते, आणि त्यांतला निळा वसंतापासून कोरडा होता. तुर्नालिकमध्ये त्या घटकेला कोरडा असलेला तेवढा एकच ब्रश असावा.

मग तेव्फिक बेय समोर येऊन बसले. आजवर ते 'मास्तर' म्हणत आले होते.

"वास्फी दादा," ते म्हणाले, "हे बघ, दोन हजारला आपण नगर राहतो. मला गाडी प्यारी आहे, मी खोटं बोलत नाही. पण गाडीचं सोड. वहिनी आणखी एक वर्ष यादीत राहिल्या, तर कुणाचं काय जातं? मी तोंड उघडणार नाही. हा सेलामी उघडणार नाही. तुलाही... तुलाही बरं वाटेल."

हे मास्तरांनी ऐकून घेतलं. त्यांना बरं वाटलं असतं, हे खरं होतं. आयुष्यात पहिल्यांदा गावाला जे हवं होतं आणि त्यांना जे हवं होतं, ते एकच होतं. नुसतं उठून घरी जायचं होतं.

"सेलामी, कोरी चिठ्ठी दे," ते म्हणाले.

"चिठ्ठ्या मोजून आल्यात, मास्तर. भरलेली बदलायची तर अर्ज लागतो."

"मग कागद दे."

मास्तरांनी लिहिलं: "शाळा गल्ली, घर क्रमांक १७ येथील माणसांची संख्या २ अशी लिहिलेली आहे. ती १ करावी, ही विनंती." खाली सही, सहीखाली 'निवृत्त गणितशिक्षक', आणि तारीख. अर्ज अडीच ओळींचा झाला.

सेलामीने तो एकदाच वाचला. मागची बाजू पाहिली नाही. कमी कोण झालं, असंही विचारलं नाही. शिक्का शाईच्या गादीवर दाबून त्याने तो कागदावर अगदी हळू ठेवला, जणू कुणी झोपलेलं जागं होईल.

गावात बातमी पोहोचायला चहाचा एक पेला पुरला. वास्फी मास्तरांनी एका माणसापायी गाव बुडवलं! रिफ्कीच्या दुकानात ते बसू नयेत म्हणून त्यांच्या खुर्चीवर रोज कुणी ना कुणी टोपी ठेवू लागलं. हाजेर हानिमनी दोन दिवस अबोला धरला, आणि तिसऱ्या दिवशी द्राक्षाच्या पानांतला भात भरून आणला. पातेलं दाराशी ठेवत त्या म्हणाल्या, "मला आधी कळलं असतं तर तुमच्या मोरीतला ब्रशही ओला करून ठेवला असता."

जानेवारीत अंकाराहून आकडे आले. तुर्नालिक: १८७३.

झालं असं होतं, की घरोघरचे मुलगे, मुली, रुसलेले जावई आपापल्या शहरातही चिठ्ठ्या भरून बसले होते. अकरा आकडी क्रमांक दोनदा आला की यंत्राने तो एका ठिकाणाहून झटकून टाकला. यंत्र कुणाच्या मोरीत हात धुवायला गेलं नव्हतं. ओल्या ब्रशांची एकशे सव्वीस माणसं एका फटक्यात गळाली. म्हणजे मास्तरांच्या त्या एकाने काहीच झालं नव्हतं. त्यांनी दोन लिहिलं असतं तरी गाव बुडणारच होतं, आणि एक लिहिलं तरी बुडलंच. हे मास्तरांनी रिफ्कीच्या दुकानात खडूने टेबलावर मांडून दाखवलं. सगळ्यांनी ते नीट ऐकून घेतलं आणि पुन्हा म्हणाले, "एका माणसाने बुडवलं."

पण चार दिवसांनी कुणीतरी जिल्ह्याची पूर्ण यादी घेऊन आलं. बेल्कावाक: १४०२. दुकानात इतका आरडाओरडा झाला की काद्री भट्टी सोडून धावत आला. तेव्फिक बेयनी, गाडी जाणार हे माहीत असूनही, सगळ्यांना चहा पाजला. दोन्ही गावं खेडीच, पण आपलं मोठं खेडं! मास्तरांच्या खुर्चीवरची टोपी त्या संध्याकाळी नाहीशी झाली.

पुढच्या वर्षी हुकूम निघाला, आणि रस्तेवाल्यांनी येऊन वेशीवरची पाटी बदलली. सणाच्या आदल्या सकाळी निहान इझमिरहून आली. गाडीने तिला वेशीवर सोडलं. मास्तर तिला घ्यायला तिथवर चालत गेले होते, आणि ती उतरली तेव्हा मान वर करून उभे होते.

नव्या पाटीवर लिहिलं होतं: तुर्नालिक. एवढंच.

"बाबा, आकडा कुठे गेला?"

"खेड्याला आकडा नसतो."

निहानने पिशवी खाली ठेवली आणि तीही पाहू लागली. मास्तर अजून पाटी तपासत होते. अक्षरं सरळ होती. खोडायला काही नव्हतं, हातचा धरायला काही नव्हतं. यातून कुणाला वजा करायचं म्हटलं तरी करता आलं नसतं.

"मग आता अर्ज कशाचा करणार?" निहानने विचारलं.

मास्तरांनी हात उचलला, तो खांबापाशी जाऊन अडखळला, आणि मग त्यांनी बोटांच्या पेरांनी दोनदा टकटक केलं. बेताने, दुसऱ्याच्या दारावर करतात तसं.

"पोहोचलो," निहान म्हणाली.

दोघं मागे फिरली. काद्रीच्या भट्टीशी आल्यावर मास्तर थांबले.

"दोन पाव," त्यांनी सांगितलं. काद्रीने त्यांच्याकडे पाहिलं, मग निहानकडे पाहिलं. तेव्हा मास्तर सहाशे बारा घरांवर वापरलेल्या त्या जुन्या करड्या आवाजात म्हणाले, "बघतोस काय? मोज की. दोन आहोत."